सावकाशराव

जावयाला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो गाढ झोपेत होता. जाग आली तेव्हा छतावरचे दिवे एकामागून एक डोळ्यांवरून सरकत होते. त्याच्या अंगात सायकलवाल्यांची घट्ट चड्डी होती, डोक्यावर हेल्मेट होतं आणि मनगट एका सिस्टरच्या हातात होतं. सिस्टर घड्याळाकडे बघत होती. तिने त्याला नाव विचारलं. भर उन्हाळ्यात, दुपारी, गाडीत झोपून उठलेल्या माणसाला हा प्रश्न जड जातो. तो क्षणभर अडखळला.

"डोक्याला मार दिसतोय," सिस्टर मागच्या माणसाला म्हणाली.

चूक सासऱ्यांची होती. दोन दिवसांच्या प्रवासानंतर गाव आलं होतं आणि लॉज शोधायचा होता. पण एकतीस वर्षं अँब्युलन्स चालवलेल्या माणसाला अनोळखी गावात एकच पत्ता सापडतो. हॉस्पिटलचा बाण दिसला आणि त्यांचे हात आपोआप वळले. गाडी त्यांनी पोर्चमध्ये उलटी घेतली, मागचं दार पायरीपासून बरोबर चार बोटांवर आणून लावलं, आणि सवयीने मान मागे वळवून म्हणाले, "पोचलो. चार वाजून वीस मिनिटं." हॉस्पिटलची माणसं धावत आली. त्यांना दोष देता येणार नाही. अशा गाडीतून जो आडवा असेल त्याला उतरवायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. जावई आडवा होता. हेल्मेट त्याने घातलं होतं ते वर टांगलेली सायकल झोपेत टाळक्यात पडू नये म्हणून.

पुढच्या सीटवरून सासूबाई "अहो, ते आपले जावई आहेत" असं सांगायला वळल्या, पण तोवर त्यांना हसू फुटलं होतं, आणि हसू आवरेपर्यंत जावयाचं ब्लडप्रेशर घेऊन झालं होतं. ते थोडं जास्त निघालं.

गाडी अँब्युलन्सच होती. निवृत्त झाल्यावर लोक घड्याळ घेतात, गुडघ्याचा पट्टा घेतात. सासऱ्यांनी भंगारात निघालेली आपली गाडी घेतली. हॉस्पिटलने तिचा सायरन काढून ठेवला, वरचा दिवा काढून ठेवला, लाल अक्षरांवर पांढरा रंग मारून दिला. लाऊडस्पीकर काढायचा राहिला, कारण तो चालतो हे सासऱ्यांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ऊन तिरपं झालं की रंगाखालून लाल अक्षरं वर यायची, आणि पुढची वाहनं घाईघाईने बाजूला व्हायची. आता गाडीत पेशंट नसताना अशी वाट घेणं म्हणजे सासऱ्यांच्या मते शुद्ध फसवणूक. म्हणून तेही गाडी बाजूला घ्यायचे आणि हाताने खूण करायचे, तुम्ही चला. पुढचा म्हणायचा, नाही, आधी तुम्ही. दोन्ही गाड्या कडेला उभ्या आणि मधे मोकळा रस्ता, असं दोन दिवसांत अकरा वेळा झालं. जावयाने मोजलं होतं.

मोजणं हे त्याचं कामच होतं. एका कुरियर कंपनीत कुठला माल किती मिनिटांत कुठे जाईल, याची वेळापत्रकं तो आखायचा. या प्रवासाचंही त्याने आखलं होतं: नऊ तास. सासऱ्यांनी तो कागद नीट वाचला, छान आहे म्हणाले, घडी घालून खिशात ठेवला आणि बेचाळीसच्या वेगाने निघाले. निघताना जावयाच्या बायकोने, म्हणजे त्यांच्या लेकीने, त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, बाबांना घाई करायला सांगू नकोस. तिला स्वतःला कामावर सुट्टी मिळाली नव्हती. "लहानपणी मी शाळेत रोज उशिरा पोचायचे," ती म्हणाली, "पण मला गाडी कधी लागली नाही."

हॉस्पिटलात त्यांना सावकाशराव म्हणत. हे नाव पहिल्याच वर्षी अपघात विभागातल्या एका तरुण डॉक्टरने ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणि सावकाश, म्हणजे पोहायला घाबरणारा मासा. सासऱ्यांनी कुणाशी वाद घातला नाही. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी दुसऱ्या ड्रायव्हरला विनंती केली आणि स्वतः मागे स्ट्रेचरवर पट्टे लावून झोपले. त्याने त्यांना गावभर फिरवलं, सायरन लावून, रोजच्या वेगाने. संध्याकाळी उतरले तेव्हा कोपराला खरचटलं होतं आणि दुपारचं जेवण पोटात राहिलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी ब्रेक मारणं जवळजवळ सोडूनच दिलं. कुठला सिग्नल कधी पडतो, कुठल्या शाळेची मुलं कधी सुटतात, कुठल्या रस्त्यावर किती खड्डे आणि त्यातला कुठला डावीकडून चुकवायचा, हे सगळं त्यांनी पाठ केलं. गाडी एकदा निघाली की पाण्यासारखी वाहत जायची, आणि गंमत म्हणजे वेळेच्या आधी पोचायची. दहा वर्षांनी त्याच डॉक्टरच्या आईला दुसऱ्या गावी हलवायचं होतं. त्याने फोन करून एवढंच विचारलं, सावकाशराव ड्यूटीवर आहेत का? नसले तर उद्या नेऊ.

आणि पोचल्यावर मान वळवून "पोचलो" म्हणायचं आणि वेळ सांगायची, हा त्यांचा रिवाज. वेळ केसपेपरवर लिहायला लागते, हे खरं. पण ते पेशंटला सांगत. शुद्धीत असलेल्याला सांगत, नसलेल्याला सांगत, आणि जो वाटेतच गेला त्यालाही त्याच आवाजात सांगत. नवीन आलेल्या एका सिस्टरने एकदा विचारलं, काका, यांना कशाला? ते म्हणाले होते, बसवून आणलं मी, तर पोचवल्याचं सांगायला नको?

हे जावयाला त्या दुपारी पोर्चमध्ये कळलं. तो चांगला धडधाकट आहे हे सिद्ध होऊन बाहेर आला, तर तिथल्या ड्रायव्हर लोकांनी सासऱ्यांना आधीच बाकावर बसवून चहा पाजला होता, आणि ते त्यांना जुन्या ड्यूटीच्या गोष्टी सांगत होते. पंधरा मिनिटांत त्यांची अशी दोस्ती झाली होती की जणू सगळे एकाच स्टेअरिंगवर वाढले. सासूबाई आत बाथरूम शोधायला गेल्या होत्या. ड्रायव्हर पांगले. जावयाने विचारलं, बाबा, एवढ्या लांब, एवढ्या उन्हात, सत्तर किलोमीटर सायकल. आईंना झेपेल ना?

तो प्रश्न त्याच्या मनात महिनाभर होता. दुसऱ्या दिवशी पहाटे इथून दोनशे सायकली निघणार होत्या. दुर्गम भागातल्या हृदयाच्या पेशंटसाठी एक चांगली, सगळ्या यंत्रांची गाडी घ्यायची होती, त्यासाठी ही फेरी. ज्यांना स्वतःला एकदा झटका येऊन गेलाय त्यांना खास आमंत्रण होतं. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी येऊन गेला होता. त्यानंतर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या, हॉस्पिटलच्या मागच्या मैदानात. सावकाशराव सीट धरून मागे पळायचे. त्यांना पळताना बघायला वॉर्डाच्या खिडक्यांत गर्दी व्हायची. हृदयाच्या डॉक्टरांनी या फेरीला परवानगी दिली, पण एका अटीवर. बोलता येईल इतक्याच वेगाने चालवायचं. बोलणं बंद झालं की थांबायचं.

"झेपेल," सासरे म्हणाले. मग कप खाली ठेवला. "तिला झटका आला ना जावईबापू, तेव्हा मी गावाच्या दुसऱ्या टोकाला होतो. एका आजोबांना घरी सोडत होतो. शेजाऱ्याने हिला टेम्पोत घातलं. कोबीच्या पोत्यांवर. आमच्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत सात खड्डे आहेत. मला पाठ आहेत. टेम्पोवाल्याला कसे असणार? त्याचा काय दोष?"

जावई बाकावर त्यांच्या शेजारी बसला.

"बरी झाल्यावर तिने मला विचारलं, अहो, मी किती वाजता पोचले? मला सांगता येईना. टेम्पोवाल्याने घड्याळ बघितलेलं नव्हतं." त्यांनी पोर्चच्या पायरीकडे बघितलं. "उद्या ती पोचली पाहिजे. बाकी काही नाही."

पहाटे मैदानात दोनशे सायकली आणि एक शिट्टी होती. शिट्टी संयोजकाच्या गळ्यात होती, आणि तो श्वास घेण्यापुरती ती तोंडातून काढायचा. त्याच्या अडचणी फेरी सुरू होण्याआधीच सुरू झाल्या होत्या. सगळ्यांच्या मागून चालणारी, दमलेल्यांना उचलणारी शेवटची गाडी सुरूच होत नव्हती. तेवढ्यात त्याला सासऱ्यांची गाडी दिसली. रंगाखालची लाल अक्षरं दिसली. त्याने देवाला बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

सासऱ्यांनी नियम दोनदा विचारून घेतले. शेवटच्या सायकलच्या मागे राहायचं. गाडीने जिला ओलांडलं ती सायकल बाद, माणूस आणि सायकल दोन्ही गाडीत. साडेअकराला रस्ता बाकीच्या वाहनांना खुला होणार, तोपर्यंत सगळे आत आले पाहिजेत. सासऱ्यांनी मान हलवली. शेवटची सायकल कुणाची असणार हे त्या मैदानात त्यांना एकट्यालाच माहीत होतं. पुढे टोपली असलेली, निळ्या रंगाची, घंटी चांगली मोठ्याने वाजणारी.

जावयाची सायकल कागदासारखी हलकी होती. तो पहिल्या वीस जणांत निघाला. त्याने वेळापत्रक आखलं होतं: दोन तास चाळीस मिनिटं. एकतिसाव्या किलोमीटरला त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले आणि तो सायकलसकट हळूच रस्त्याच्या कडेला आडवा झाला, एखादं पार्सल ठेवावं तसा. सगळे पुढे गेले. बऱ्याच वेळाने घंटी वाजवत सासूबाई आल्या, त्यांनी चौकशी केली, पाणी दिलं आणि गेल्या. मग गाडी आली. सासऱ्यांनी त्याला मागच्या स्ट्रेचरवर झोपवलं. दोन दिवसांत दुसऱ्यांदा. "आज हेल्मेट काढलं तरी चालेल," ते म्हणाले.

तर अशा रीतीने पुढचं सगळं जावयाने त्या गाडीत पडून पाहिलं, आणि मुख्य म्हणजे ऐकलं.

कारण डॉक्टरांची अट होती, बोलता आलं पाहिजे. बोलायचं कुणाशी? सासऱ्यांनी लाऊडस्पीकर लावला होता. "अगं," आवाज झाडांवरून, शेतांवरून, पुढच्या वळणापर्यंत घुमला, "गॅसचा नॉब बंद केलास ना निघताना?" पुढून ओरडून उत्तर आलं, केला, तुमच्यासमोर केला. "अगं, शेजारणीला किल्ली दिलीस?" दिली. रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं आधी सायकलकडे बघायची, मग गाडीकडे, मग एकमेकांकडे. आवाज दमदार असेल तर सासरे पुढचा प्रश्न विचारायचे. जरा खोल वाटला तर म्हणायचे, पाणी पी, सावली बघून थांब. बत्तीस वर्षांच्या संसारात ही दोन माणसं सलग एवढं बोलली नसावीत. वेळच कुठे होता? ते यायचे तेव्हा त्या झोपलेल्या असायच्या, त्या उठायच्या तेव्हा त्यांची ड्यूटी लागलेली असायची.

पन्नासाव्या किलोमीटरपर्यंत गाडीत आणखी तिघं जमा झाली. एक निवृत्त हेडमास्तर आणि दोन जुळ्या बहिणी, ज्यांची सायकलही एकच होती आणि पंक्चरही एकच. ऊन पांढरं झालं होतं. आणि गाडी तापायला लागली. जुनं इंजिन, ताशी नऊचा वेग, वारा लागायचं नाव नाही. काटा लाल रेघेकडे सरकला. सासऱ्यांनी शांतपणे हीटर लावला. पूर्ण.

हेडमास्तरांनी खाकरून विचारलं, आपण चुकून गरम हवा तर लावली नाही ना? सासऱ्यांनी समजावून सांगितलं, इंजिनाची उष्णता अशी आपल्याकडे ओढून घेतली की ते थोडं निवतं. म्हणजे त्याचा ताप आपण वाटून घ्यायचा. भर उन्हाळ्यात, बंद पडू नये म्हणून हीटर लावलेल्या गाडीत पाच जण घामाने निथळत बसले आणि हेडमास्तर म्हणाले, तर्क बरोबर आहे.

अठ्ठावन्नाव्या किलोमीटरला चढ लागला. तिथपर्यंत संसारातले सगळे विषय संपले होते. दूध, वीज, नातेवाईक, कुणी कुणाच्या लग्नात काय दिलं, सगळं. पुढून उत्तरं छोटी यायला लागली. मग हं. मग काहीच नाही. सासूबाई सायकलवरून उतरल्या आणि हॅंडल धरून उभ्या राहिल्या. गाडी त्यांच्या मागे दहा हातांवर थांबली. चढावर, क्लचवर, एक इंचही मागे न सरकता. असं उभं राहणं किती अवघड असतं ते जावयाला माहीत होतं. त्याच्या पोटऱ्या नुसत्या बघूनच दुखायला लागल्या.

सासऱ्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. बराच वेळ नुसती खरखर आली.

"अगं," ते म्हणाले. "त्या दिवशी टेम्पोत काय करत होतीस?"

जुळ्या बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. सासूबाई वळल्या. त्यांचं तोंड लाल झालं होतं आणि त्या गाडीकडे अशा बघत होत्या, जणू हे विचारायला या माणसाला दोन वर्षं का लागली याचा हिशेब लावतायत. मग त्या चालायला लागल्या, सायकल ढकलत, आणि चालता चालता पुढे बघून बोलल्या. ओरडून नाही. खिडक्या उघड्या होत्या, ऐकू आलं.

"खड्डे मोजत होते."

सासऱ्यांनी क्लच सोडला. गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने त्यांच्या मागून निघाली.

"कधी एकत्र जेवायला बसलो की तेच सांगायचात ना. शाळेपुढचा पहिला, पाण्याच्या टाकीपाशी दोन. कंटाळा यायचा मला. त्या दिवशी एकेक येत गेला तशी मी म्हणत गेले, आता टाकी आली, आता पूल आला. सातवा बसला तेव्हा म्हटलं, चला, आलो आपण." त्यांनी दम घेतला. "सातही त्याने नेमके गाठले हो. एक चुकवला नाही."

हीटर चालू होता. सासऱ्यांच्या मानेवरून पाणी वाहत होतं, ते सगळं घामच असेल असं समजायला हरकत नव्हती.

"चांगला आवाज येतोय तुझा," थोड्या वेळाने लाऊडस्पीकर म्हणाला. "बस आता सायकलवर. पुढे उतार आहे."

साडेअकराला शिट्टीवाल्याचा फोन आला. तो जावयाने घेतला आणि सासऱ्यांच्या कानाला लावला. पलीकडून जे येत होतं ते सगळ्यांना ऐकू येत होतं. रस्ता खुला झालाय, मंडप आवरायचाय, कोण ती एक बाई राहिलीय, तिला ओलांडा आणि गाडीत घेऊन या.

"मी शेवटच्या सायकलच्या मागे आहे," सासरे म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं."

अहो, पण आता मी सांगतोय ओलांडा.

"एकतीस वर्षांत मी पेशंटला ओव्हरटेक केलेलं नाही."

ऐकायला वाक्य भारदस्त होतं. ते तपासून बघायचं एरवी जावयाच्या लगेच डोक्यात आलं असतं, कारण पेशंट कायम गाडीच्या मागच्या बाजूला झोपलेला असतो, त्याला ओव्हरटेक करणार तरी कसं? पण त्याला ते पुष्कळ नंतर, घरी गेल्यावर सुचलं. त्या क्षणी त्याने फोन बंद केला आणि खिशात ठेवला. सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशातून त्याने दिलेली वेळापत्रकाची घडी डोकावत होती. ती भिजून लगदा झाली होती.

मागे ट्रक आले, बस आल्या. कुणी हॉर्न वाजवले. सासऱ्यांनी हात बाहेर काढून सगळ्यांना वाट दिली. तुम्ही चला. एकेक वाहन गाडीला ओलांडून गेलं, सायकलला ओलांडून गेलं, आणि दोघांमधलं दहा हातांचं अंतर शेवटपर्यंत अकराही झालं नाही, नऊही झालं नाही.

शेवटच्या मैदानात कमान उतरवून झाली होती. खुर्च्या एकात एक घालून रचल्या जात होत्या. पदकांचं खोकं कुणीतरी नेलं होतं. रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ होती, तीही चाकांनी अर्धी नेलेली. शिट्टीवाला एका खुर्चीवर बूट काढून बसला होता.

निळी सायकल आली. टोपलीत पाण्याची रिकामी बाटली हलत होती. सासूबाईंनी रेघेच्या जरा आधी घंटी वाजवली, समोर कुणी नव्हतं तरी, आणि रेघ ओलांडून पाय टेकला. शिट्टीवाला उभा राहिला. त्याने शिट्टी तोंडात घातली, आणि मग न वाजवताच काढली.

सासऱ्यांनी गाडी रेघेच्या अलीकडे, बरोबर चार बोटांवर थांबवली. हॅंडब्रेक ओढला. घड्याळ बघितलं. स्पीकर अजून चालू होता.

आयुष्यभर तो शब्द ते मान मागे वळवून बोलले होते. या वेळी समोर बघून बोलले.

"पोचलो. बारा वाजून सात मिनिटं."

खुर्च्या रचणारी माणसं थांबली. सासूबाईंनी मागे वळून न बघता मान हलवली, आणि स्टँड लावला.

मग सासऱ्यांनी हीटर बंद केला.